बँकेच्या संचालकांत माजी नियामक कोण, कसे शोधाल?

आपल्या पुण्यातल्या शिवाजीनगरच्या ‘लोकमंगल’ या मुख्यालयातली बँक ऑफ महाराष्ट्र घ्या किंवा दुसरी कुठली, आधी वार्षिक अहवाल डाउनलोड करा. संचालकांच्या परिचयात ‘रिझर्व्ह बँक’, ‘सेबी’, ‘अर्थ मंत्रालय’ शोधा. राष्ट्रीयीकृत बँकेत रिझर्व्ह बँकेने सुचवलेला संचालक कायद्यानेच असतो, त्याला यात मोजू नका. इथेच बहुतेकांची गल्लत होते.

मग निवृत्ती आणि नेमणूक, दोन्ही तारखा शेजारी मांडा. केंद्राच्या गट ‘अ’ अधिकाऱ्याला निवृत्तीनंतर वर्षाच्या आत खासगी नोकरीसाठी सरकारची परवानगी लागते. अंतर कमी दिसले, तर माहिती अधिकारात 10 रुपये भरून परवानगीची तारीख तेवढी विचारा. मुदत 30 दिवस. ‘सगळी फाइल द्या’ म्हटलेत, तर ‘वैयक्तिक माहिती’ म्हणून नकार येऊ शकतो. सल्लागार म्हणून घेतलेले माजी अधिकारी मात्र संचालकांच्या यादीत नसतात. मोठी पळवाट तीच.