म्हैस, माइक आणि तबस्सुम

निवेदनात यायचंय, सुरुवात कुठून करू असं विचारणाऱ्या मुली भेटतात आणि त्यातल्या निम्म्या तरी म्हणतात, ताई माझा आवाज छान आहे असं सगळे म्हणतात. असेल की. माझा घोगरा आहे, तरी वीस वर्षं याच धंद्यात आहे. आकाशवाणीच्या पहिल्या ऑडिशनला मी आपटले ती 'चार' आणि 'चारा' यातला च एकसारखा म्हटल्यामुळे, आवाजाला कोणी नावं ठेवली नव्हती. तेव्हापासून रोज सकाळी पेपरातला अग्रलेख मोठ्यांदा वाचते, घरचे वैतागतात पण दुसऱ्या वेळी पास झाले ना. ऑडिशनला न बघितलेला उतारा वाचायला देतात, त्यात परदेशी नावं घुसवलेली असतात, अडखळलात तरी चालतं पण अडखळल्यावर हसू नका किंवा सॉरी सॉरी करू नका, पुढे वाचत राहा.

पास झाल्यावर मिळालं ते नैमित्तिक निवेदकाचं काम, म्हणजे कायमची नोकरी नाही, महिन्याला पाच-सहा ड्युट्या. त्यात घर चालत नाही हे मला कोणी आधी सांगितलंच नव्हतं. म्हणून मग गाण्यांच्या कार्यक्रमांचं सूत्रसंचालन, जाहिरातींना आवाज, डबिंग, एका वर्षी तर लग्नातल्या संगीताचं अँकरिंगसुद्धा केलं (पैसे सगळ्यात जास्त तिथेच, जेवणही). लोक म्हणतात किती व्हर्सटाइल करिअर. अहो, भाडं भरायचं होतं!

पण खरं सांगू, या सगळ्या उड्या मारताना लाज वाटली नाही त्याचं कारण तबस्सुम. आताच्या मुलींना नाव माहीत नसतं म्हणून सांगते. 1940च्या दशकात बेबी तबस्सुम म्हणून सिनेमात आली, 1951च्या 'दीदार'मध्ये नर्गिसचं लहानपण तिनेच केलं. मुंबई दूरदर्शन 2 ऑक्टोबर 1972 ला सुरू झालं आणि त्याच वर्षी तिचा 'फूल खिले हैं गुलशन गुलशन' लागला, सिनेमातल्या लोकांच्या मुलाखती, तो चालला 1993 पर्यंत. एकवीस वर्षं! मी लहानपणी शेवटची काही वर्षं पाहिलीत. मधल्या काळात 'गृहलक्ष्मी' मासिकाचं संपादन पंधरा वर्षं, स्टेज शो, 1985 मध्ये स्वतः एक सिनेमा दिग्दर्शित केला, आणि सत्तरी आल्यावर यूट्यूबवर 'तबस्सुम टॉकीज' काढून जुन्या आठवणी सांगायला बसली. 2022 च्या नोव्हेंबरमध्ये गेली. एक काम आटपलं की दुसरं, आणि कुठलंच कमी दर्जाचं मानून केल्यासारखं वाटत नाही.

तिचे जुने एपिसोड यूट्यूबवर मिळतील ते बघा आणि पाहुण्याकडे बघू नका, तिच्याकडे बघा. चुटका ती सांगते, खळखळून हसते पण तीच, आणि तेवढ्यात समोरचा अवघडलेला माणूस सैल होतो, मग खरा प्रश्न येतो. मला हे कळायला एक कार्यक्रम गमवावा लागला. एका मंडळाच्या वर्धापनदिनाला अध्यक्षांचं भाषण पाऊण तास चाललं, त्यावर मी म्हटलं, "आता मध्यंतरानंतर भाषणाचा दुसरा अंक". सभागृह कोसळलं हसून. अध्यक्ष नाही हसले. मानधनाचं पाकीट तीन आठवड्यांनी आलं आणि पुढच्या वर्षी फोनच आला नाही. विनोद चांगला होता अजूनही म्हणते मी, पण ज्याच्या हातात माइक नाही त्याच्यावर करायचा नव्हता.

उलट एकदा लाइव्ह फोन-इनमध्ये एक शेतकरीदादा म्हणाले, ताई तुमचा आवाज लागला की आमची म्हैस पान्हा सोडते. स्टुडिओत काचेपलीकडे सगळे बघायला लागले आता ही काय बोलते. मी म्हटलं, "दादा मग फर्माईश तिचीच घेऊ, काय आवडतं तिला?" ते म्हणाले, लावणी! ड्युटी रूममध्ये नंतर कुणी रागावलं नाही, आणि पुढचे दोन महिने पत्रांत म्हशीची चौकशी येत होती. हे सुचलं कारण मी त्यांचं वाक्य पूर्ण ऐकलं, नवीन होते तेव्हा समोरचा बोलत असताना मी क्यू शीटवर (कार्यक्रमाचा क्रम लिहिलेला कागद) पुढचं गाणं शोधत असायचे.

बाकी बारीकसारीक. कलाकारांची नावं त्यांच्याच तोंडून ऐकून घ्या, कागदावर उच्चारासकट लिहा, तबलजीचं नाव चुकलं तर तो आयुष्यभर लक्षात ठेवतो. कार्यक्रमाआधी दुधाचा चहा नको, घशात साय बसल्यासारखं होतं (मला तरी). ऑडिओबुकचं काम घेताना पैसे तयार ऑडिओच्या तासावर आहेत का रेकॉर्डिंगच्या हे आधी विचारा, तयार एक तास करायला मला तीन तास लागतात. आणि खाजगी कार्यक्रमाचं अर्धं मानधन आगाऊ घ्या, मागताना हसून मागा पण मागा.

डेमोसाठी, म्हणजे आपल्या आवाजाचा नमुना पाठवायला, स्टुडिओ लागत नाही, साड्यांनी भरलेलं कपाट उघडायचं, तोंड आत घालायचं आणि मोबाइलवर दोन मिनिटं बोलायचं. माझा पहिला डेमो तसाच झालाय, शेवटी मागून आई विचारते ती ऐकू येते, कपाटाशी काय बोलतेस गं.