भुतोंड्याहून अळू दरवाजाने राजगड: आडवाटेची एकदिवसीय चढाई गटाने कशी करावी

राजगडावर जाणारे बहुतेक लोक गुंजवण्याहून चोर दरवाजाने किंवा पालीकडून पायऱ्यांच्या रुंद वाटेने चढतात. शनिवार-रविवारी या दोन्ही वाटांवर इतकी वर्दळ असते की वाट चुकण्याचा प्रश्नच येत नाही. पुढच्याच्या मागे चालत राहिले की माणूस गडावर पोहोचतो. गडाच्या दक्षिण अंगाला, येळवंडी नदीच्या खोऱ्यात असलेल्या भुतोंडे गावाहून संजीवनी माचीच्या (माची म्हणजे बालेकिल्ल्याखालचा तटबंदीचा सपाट भाग) अळू दरवाजाकडे चढणारी वाट मात्र फार कमी लोक घेतात. तिच्यावर दोरखंडाची गरज पडेल असा कातळ नाही. तिची अवघड बाजू वेगळीच आहे. वापर कमी असल्यामुळे ती जागोजागी गवतात आणि कारवीच्या झुडपांत बुजते, गुरांच्या वाटांमध्ये मिसळते, आणि अडचण आली तर मागून कोणी येईल याची शाश्वती नसते. म्हणून दहा-बारा जणांच्या गटाने ही चढाई एका दिवसात करायची असेल तर तयारीचा मोठा भाग वाट ओळखणे आणि वेळ सांभाळणे यांवर खर्च करावा, असे माझे अनुभवाने झालेले मत आहे.

हंगाम आणि दिवस

नोव्हेंबरच्या मध्यापासून फेब्रुवारीच्या सुरुवातीपर्यंतचा काळ या वाटेसाठी सर्वांत योग्य. पावसाळ्यात गड देखणा असतो, पण धुक्यात दहा पावलांपुढचे दिसत नाही, मुरमाड उतारावर पाय ठरत नाही, आणि ज्या वाटेवर खुणाच कमी आहेत तेथे धुके म्हणजे सरळसरळ धोका. पाऊस संपल्यावर लगेच, म्हणजे ऑक्टोबरात, गवत कमरेच्या वर असते आणि त्याखालचे दगड व सापही दिसत नाहीत. डिसेंबरात गवत वाळून झोपू लागते, पायवाटेची रेघ उघडी पडते आणि हवाही थंड असते. फेब्रुवारी सरल्यावर ऊन तापते, टाक्यांतले पाणी आटू लागते आणि वाळल्या गवताला वणवा लागण्याची भीती असते.

हिवाळ्याची एक अडचण मात्र आहे, ती म्हणजे दिवस लहान असतो. डिसेंबरात सूर्य सहाच्या सुमारास मावळतो आणि डोंगराच्या कुशीतल्या झाडीत त्याच्या अर्धा तास आधीच अंधारून येते. पुढचे सगळे वेळापत्रक या एका गोष्टीवरून उलटे मोजत यावे.

नकाशावर वाट वाचणे

निघण्याच्या आठवडाभर आधी सर्व्हे ऑफ इंडियाचा १:५०,००० प्रमाणाचा नकाशा मिळवावा. संस्थेच्या पोर्टलवर तो उतरवून घेता येतो. या नकाशावर समोच्च रेषा, म्हणजे सारख्या उंचीच्या जागा जोडणाऱ्या रेषा, २० मीटरच्या अंतराने काढलेल्या असतात. गावापासून माचीपर्यंत किती रेषा ओलांडाव्या लागतात ते मोजून २० ने गुणले की एकूण चढ कळतो. राजगडाची समुद्रसपाटीपासूनची उंची सुमारे १३९४ मीटर आहे, पण ती बालेकिल्ल्याच्या माथ्याची. माची त्याहून बरीच खाली आहे हे मोजताना लक्षात ठेवावे.

चढ कळल्यावर वेळेचा अंदाज बांधता येतो. स्कॉटिश गिर्यारोहक नेस्मिथ यांनी १८९२ मध्ये मांडलेला ठोकताळा आजही वापरला जातो: सपाटीवर तासाला सुमारे पाच किलोमीटर, आणि त्यात दर ६०० मीटर चढाला एक तास अधिक. हा हिशोब सवयीच्या, हलके ओझे असलेल्या माणसाचा आहे. मिश्र वयाच्या गटासाठी आणि वाट शोधत जाण्यासाठी येणारी संख्या मी नेहमी दीडपटीने वाढवतो. या चढाईला गावापासून दरवाजापर्यंत तीन ते साडेतीन तास धरावेत.

नकाशावर आणखी एक गोष्ट टिपून ठेवावी: वाट कोणत्या सोंडेवरून (डोंगराच्या खाली उतरत आलेल्या धारेवरून) चढते आणि त्या सोंडेच्या दोन्ही अंगांना कोणते ओढे आहेत. मार्गात शंका आली तर ‘ओढा आपल्या कोणत्या हाताला हवा’ हा प्रश्न मोबाइलवरच्या निळ्या ठिपक्यापेक्षा लवकर उत्तर देतो. मोबाइलवर नकाशा अवश्य उतरवून ठेवावा, पण खोऱ्यात रेंज मिळेलच असे गृहीत धरू नये आणि कागदी प्रत दोघांच्या सॅकमध्ये तरी असावी.

गाव आणि वाटाड्या

या वाटेवर पहिल्यांदा जाणाऱ्या गटाने भुतोंड्यातून किंवा जवळच्या वाडीतून वाटाड्या घ्यावाच. गुरे राखणारा, लाकूडफाट्यासाठी रोज डोंगरात जाणारा माणूस या कामासाठी उत्तम. शक्य असल्यास एक-दोघांनी आधीच्या आठवड्यात गावात जाऊन ठरवून यावे. वाट कितपत मोडली आहे, वरच्या टप्प्यात पाणी आहे का, कड्यांना आग्या मोहोळे लागली आहेत का, हे तीन प्रश्न त्याच भेटीत विचारावेत. मोबदला किती आणि वाटाड्या कुठपर्यंत येणार, हे तेव्हाच स्पष्ट बोलून घ्यावे. सहसा तो अळू दरवाजापर्यंत सोडून परत फिरतो. त्याला त्याच वाटेने एकट्याने उतरायचे असते, म्हणून आपल्या उशिरामुळे त्याला अंधारात उतरावे लागू नये याची जबाबदारी आपली.

काही वर्षांपूर्वी आम्ही अकरा जण वाटाड्याशिवाय या वाटेने निघालो होतो. पदरातल्या (डोंगराच्या मध्यावरच्या सपाटीवरल्या) रानात एक ठळक, रुळलेली वाट डावीकडे जात होती आणि आम्ही तीच धरली. ती ढोरवाट होती. पाऊण तासाने ती एका कोरड्या ओढ्यात संपली आणि पुढे कारवीची भिंत उभी राहिली. कारवीतून रेटत वर जाण्याचा मोह दोघांना झाला, परंतु बरोबरच्या एका वडीलधाऱ्या बाईंनी ठामपणे सांगितले की जिथे शेवटची खात्रीची खूण पाहिली तिथपर्यंत परत जायचे. आम्ही परतलो, दीड तास गेला, आणि त्या दिवशी माचीवर न जाता गावात उतरलो. तो निर्णय बरोबर होता असे मला आजही वाटते. ढोरवाट आणि माणसांची वाट यांतला फरक तेव्हापासून मी नीट पाहू लागलो: ढोरवाट उताराला आडवी जाते, तिला समांतर दोन-तीन फाटे फुटतात, आणि तिच्यावर झुकलेल्या फांद्या माणसाच्या छातीएवढ्या उंचीवरही तुटलेल्या नसतात. माणसांच्या वाटेवर फांद्या कोयत्याने छाटलेल्या दिसतात आणि वळणांवर कुठेतरी दगडांची लगोरी रचलेली असते.

गटाची रचना

बारापेक्षा मोठा गट या वाटेवर नेऊ नये. सर्वांत पुढे वाटाड्या आणि त्याच्यासोबत गटाचा म्होरक्या असावा. सर्वांत मागे एक अनुभवी माणूस असावा, आणि त्याच्या मागे कोणीही राहणार नाही हा नियम निघण्यापूर्वी सर्वांना सांगावा. प्रत्येक फाट्यावर पुढच्यांनी थांबावे, मागचा माणूस नजरेस पडल्याशिवाय हलू नये, आणि दर तासाला मोजणी व्हावी. गटाची चाल सर्वांत सावकाश चालणाऱ्याच्या चालीने ठरते. त्याला पुढून दुसऱ्या-तिसऱ्या जागी ठेवले की त्याला मागे पडल्यासारखे वाटत नाही आणि बाकीचे आपोआप आवरतात. थांब्यावर तो पोहोचताच इतरांनी उठून चालू लागण्याची वाईट सवय अनेक गटांत असते. त्यामुळे ज्याला विश्रांतीची खरी गरज आहे त्यालाच ती मिळत नाही.

कोणाला दमा, मधुमेह, रक्तदाब किंवा गुडघ्याचा त्रास असेल तर ते म्होरक्याला आधी एकांतात सांगावे, आणि औषधे कोणत्या कप्प्यात आहेत हे बरोबरच्या एकाला तरी ठाऊक असावे.

बरोबर काय घ्यावे

प्रत्येकाने तीन ते चार लिटर पाणी पायथ्यापासून घ्यावे, कारण या वाटेवर भरवशाचे पाणी नाही आणि गडावरचे पिण्याजोगे पाणी पद्मावती माचीवर पोहोचल्यावरच मिळते. गूळ-शेंगदाणे, दशम्या, खजूर, संत्री असे वाटेत खाता येईल ते आणि एक पूर्ण जेवण असावे. बूट चांगल्या पकडीचे आणि आधी वापरलेले हवेत. कारवीसाठी पूर्ण बाह्यांचा सदरा आणि लांब पँट, डोक्याला टोपी, आणि प्रत्येकाकडे स्वतःची विजेरी. दिवसाउजेडी परतायचे असले तरी विजेरी घरी ठेवू नये. गटाच्या सामानात प्रथमोपचाराची पेटी, क्षारसंजीवनीची पाकिटे, शिट्टी, इलॅस्टिक पट्ट्या आणि एक तीस मीटरचा दोर पुरेसा आहे. अत्तर किंवा उग्र वासाचा स्प्रे लावून येऊ नये आणि वाटेत धूर करू नये. आग्या माशा वासाने आणि धुराने उठतात. त्या उठल्याच तर हातवारे न करता डोके व तोंड कापडाने झाकून झाडीतून शक्य तितके दूर जावे.

प्रत्यक्ष दिवस

पुण्याहून पहाटे साडेचारला निघून कापूरहोळ, भोर आणि भाटघर धरणाच्या जलाशयाकाठच्या रस्त्याने सातपर्यंत भुतोंड्यात पोहोचावे. उतरताना पाली दरवाजाची वाट घेणे सर्वांत चांगले, कारण थकलेल्या पायांना ती पायऱ्यांची रुंद वाट सोपी जाते आणि उजेड कमी झाला तरी चुकत नाही. त्यासाठी भाड्याच्या गाडीने आपल्याला सोडून भोर, कापूरहोळ, नसरापूर, मार्गासनी असा वळसा घालून पालीकडे यावे लागते. हे चालकाशी आदल्या दिवशीच ठरवावे, आणि उतरण्याची अपेक्षित वेळ त्याला कागदावर लिहून द्यावी.

न्याहारी करून साडेसातला चढू लागावे. पहिला अर्धा तास मुद्दाम सावकाश चालावे. शेतांच्या बांधांवरून सोंडेच्या पायथ्याशी, सोंडेवरून पदरातल्या रानात आणि तेथून माचीखालच्या शेवटच्या उभ्या चढावर, अशी ही चाल ढोबळमानाने विभागता येते. वाट चुकण्याची जागा मधली आहे आणि पाय घसरण्याची शेवटची. घसाऱ्यावर, म्हणजे सुट्या दगडमातीच्या उतारावर, दोघांत पाच-सहा पावलांचे अंतर ठेवावे, एकाच्या थेट खाली दुसऱ्याने उभे राहू नये, आणि दगड सुटला तर ‘दगड’ असे ओरडून सांगावे. सुक्या गवताच्या बुंध्याला धरून चढू नये. ते हातात येते.

चढू लागण्यापूर्वीच परत फिरण्याची वेळ ठरवावी. माझ्या हिशोबाने साडेअकरापर्यंत अळू दरवाजा गाठला नाही, तर जिथे असू तिथून आल्या वाटेने भुतोंड्याकडे उतरावे. ही वेळ सकाळी ताज्या डोक्याने ठरवलेली असली की दुपारी वाद होत नाही. परत फिरल्यास गाडी दुसऱ्या बाजूला गेलेली असेल, हे ध्यानात घेऊन चालकाशी संपर्काची सोय आधीच करून ठेवावी.

अळू दरवाजा आता बराच ढासळलेला आहे. वाघाने सांबराला उताणे पाडल्याचे शिल्प या दरवाजावर आहे, ते थांबून पाहावे. ढासळलेल्या चिऱ्यांवर मात्र चढू नये. येथे वाटाड्याचा निरोप घ्यावा.

माचीवर पोहोचल्यावर सगळा गड पाहण्याचा हट्ट धरू नये. या वाटेने आलेल्या गटाने संजीवनी माची सावकाश पाहावी, कारण तिची दुहेरी, चिलखती तटबंदी आणि दोन भिंतींमधली खोल, अरुंद जागा हा दुर्गबांधणीचा असामान्य नमुना आहे आणि गुंजवण्याहून आलेले अनेक जण वेळेअभावी तो टाळून जातात. तेथून पद्मावती माचीवर यावे. शिवछत्रपतींची सुमारे २५ वर्षांची राजधानी हाच गड. सईबाईंचे १६५९ मध्ये निधन झाले ते याच गडावर, आणि त्यांची समाधी पद्मावती माचीवर दाखवतात. २०२५ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत समाविष्ट झालेल्या बारा मराठा दुर्गांत राजगड आहे. साडेबाराच्या आत पद्मावतीवर पोहोचलात तरच बालेकिल्ल्याचा विचार करावा, कारण त्याची चढण उभी आहे आणि गर्दीच्या दिवशी कठड्याशी बराच वेळ मोडतो. सुवेळा माची आणि तिच्यावरचे नेढे (कातळातले आरपार भोक) पुढच्या फेरीसाठी ठेवावे.

अडचण आली तर

वाट हरवली तर सर्वांनी एकत्र थांबावे, दोघांनी जास्तीत जास्त दहा मिनिटे आसपास पाहून यावे, आणि उलगडा झाला नाही तर शेवटच्या खात्रीच्या खुणेपर्यंत मागे जावे. ओढ्याच्या पात्रातून खाली उतरण्याचा प्रयत्न करू नये. सह्याद्रीतले ओढे बहुधा कड्यावर जाऊन संपतात. साप चावल्यास जखम कापू नये, चोखू नये, आवळून बांधू नये. चावलेला अवयव फळी किंवा काठीच्या आधाराने स्थिर ठेवून माणसाला चालू न देता उचलून खाली आणावे आणि प्रतिसर्पविष उपलब्ध असलेल्या सरकारी रुग्णालयात न्यावे. ११२ हा मदतीचा आणि १०८ हा रुग्णवाहिकेचा क्रमांक प्रत्येकाला पाठ असावा. रेंज नसेल तर दोघांनी मिळून धारेवर जाऊन फोन करावा, एकट्याला पाठवू नये.

उतरणे

अडीचच्या सुमारास पाली दरवाजाने उतरायला लागावे. उतरताना गप्पा वाढतात, गट विस्कळीत होतो आणि पाय मुरगळतात, म्हणून चढताना पाळलेला क्रम उतरतानाही मोडू नये. आपला सगळा कचरा, संत्र्यांच्या सालींसह, सॅकमध्ये परत यावा. पायथ्याशी गाडीत बसण्यापूर्वी पुन्हा एकदा मोजणी करावी, आणि मग भुतोंड्याच्या वाटाड्याला फोन लावून सगळे जण पालीला सुखरूप उतरल्याचे सांगावे व तो स्वतः घरी पोहोचला ना, हे विचारावे.