जुन्या एमजीबीत माझदा एमएक्स-५ च्या सीटा कशा बसवाव्यात

१९६२ ते १९८० या काळात इंग्लंडमधल्या ॲबिंग्डनच्या कारखान्यातून पाच लाखांहून जास्त एमजीबी स्पोर्ट्स गाड्या बाहेर पडल्या. त्यांतल्या बऱ्याच आजही रस्त्यावर आहेत. इंजिन, गिअरबॉक्स, ब्रेक यांचे सुटे भाग सहज मिळतात, पण तासाभराच्या प्रवासानंतर पाठ बोलायला लागते ती सीटमुळे. गादीखाली ताणलेला रबरी पडदा सैल झालेला असतो, फोमचा भुगा झालेला असतो आणि सुरुवातीच्या गाड्यांत डोक्यामागे आधारच नसतो. मागून कोणी धडकले तर सगळा झटका मानेवर येतो.

यावर सर्वांत रुळलेला उपाय म्हणजे पहिल्या पिढीच्या माझदा एमएक्स-५ च्या सीटा. ही गाडी १९८९ साली आली आणि अमेरिकेत मियाटा नावाने खपली. तीही दोन आसनी, उघड्या टपाची आणि ठेंगणी. त्यामुळे सीट अरुंद आहे, पाठ उंच आहे आणि डोक्याचा आधार पाठीतच घडवलेला आहे.

आधी एक गोष्ट ठरवा. त्रास फक्त बसक्या गादीचा असेल, तर नवा रबरी पडदा आणि नवा फोम घालून मूळ सीट दुरुस्त करणे स्वस्त पडते आणि गाडीचे मूळ रूपही टिकते. मानेला आधार किंवा पाठीला लांबी हवी असेल, तरच पुढचा खटाटोप करा. तो केलाच तर गाडीला कायमचा व्रण न देता करा. जुने बोल्ट, सीट मागेपुढे सरकवणारे रूळ आणि त्यांखालच्या पट्ट्या पिशवीत घालून, वर चिठ्ठी लावून जपून ठेवा.

सीट विकत घेण्याआधी

टेप घेऊन गाडीत बसा. दाराखालच्या उंबऱ्याची आतली कड आणि मधला बोगदा (दोन सीटांमधला मजल्याचा उंचवटा) यांतले अंतर तीन ठिकाणी मोजा: सीटच्या पुढच्या टोकाशी, मध्यावर आणि मागे. कार्पेट काढून मोजा, कारण दोन्ही बाजूंच्या जाड कार्पेटात आणि त्याखालच्या नमद्यात बरीच जागा जाते. आता घ्यायच्या सीटची सर्वांत रुंद जागा मोजा. ती बहुतेक वेळा गादीत नसून पाठ कलवण्याच्या बिजागरीवरच्या प्लॅस्टिकच्या टोपणाशी असते. एमजीबीचा हँडब्रेक बोगद्याच्या कडेला, चालकाच्या बाजूला असतो. त्यामुळे तिथे बोटे शिरतील एवढी फट राहिलीच पाहिजे. ती राहिली नाही तर ब्रेक ओढताना दर वेळी हाताची साले निघतील.

सीट निवडताना खाली उलटी करून बघा. पिवळ्या रंगाचे कनेक्टर दिसले तर त्या सीटमध्ये एअरबॅग आहे. ती घेऊ नका. नव्या पिढ्यांच्या सीटांत हा प्रकार आढळतो, पहिल्या पिढीत नाही. रूळ पूर्ण मागेपुढे सरकवा आणि दोन्ही बाजूंचे खटके एकाच वेळी बसतात का ते ऐका. एका बाजूचा खटका उशिरा पडत असेल तर रूळ वाकलेला आहे. काही सीटांत डोक्याच्या आधारात स्पीकर असतात. ते नको असतील तर वायर कापू नका, गुंडाळून आत बांधून ठेवा.

जुनी सीट काढणे आणि मजला तपासणे

बॅटरीची जोडणी आधी काढा. साधारण १९७४ पर्यंतच्या गाड्यांत सीटांच्या मागे, मजल्याच्या झाकणाखाली ६ व्होल्टच्या दोन बॅटऱ्या एकामागे एक जोडलेल्या असतात. त्यानंतर १२ व्होल्टची एकच आली. १९६७ पर्यंतच्या गाड्यांत धन टोक बॉडीला जोडलेले असते, तेव्हा कोणती तार बॉडीकडे जाते ते डोळ्यांनी बघून तीच आधी सोडा.

सीट मागे सरकवून पुढचे दोन बोल्ट सोडा, मग पुढे सरकवून मागचे. आदल्या रात्री गंज सोडवणारे तेल टाकून ठेवलेत तर काम निम्मे हलके होते. बोल्ट अडला तर जोर लावून पिळू नका, कारण खालचा नट पत्र्याला टाचलेला असतो. तो टाका सुटला की नट बोल्टबरोबर नुसता फिरत राहतो आणि मग डोके कापण्यावाचून मार्ग उरत नाही. अर्धा आटा घट्ट, एक आटा सैल असे हलवत काढा.

रुळांखाली लाकडी पट्ट्या सापडतील. त्या कारखान्यातल्याच आहेत. नव्या जोडणीत मात्र लाकूड वापरू नका. ते ओल धरते, दाबले जाते आणि हळूहळू बोल्ट आपोआप सैल पडतात. उंची हवी असेल तर पोलादाचे किंवा ॲल्युमिनियमचे ठोकळे घाला.

आता कार्पेट पूर्ण उचला. स्क्रू ड्रायव्हरच्या मुठीने मजला ठोकत जा. चांगला पत्रा खणखणीत वाजतो, कुजलेला भद्द आवाज करतो. उंबऱ्याला लागून आणि बोल्टांच्या भोवती जास्त बघा. डांबरी लेपाखाली पत्रा पापुद्र्यासारखा सुटत असेल, तर सीटचे काम तिथेच थांबवा आणि आधी नवा पत्रा वेल्ड करून घ्या. कुजक्या मजल्यावर कितीही भक्कम कंस (सीट धरणारी ब्रॅकेट) लावला तरी अपघातात तो पत्र्यासकट उपटून येतो.

तात्पुरती बसवणी

इथे घाई करणारे नंतर दोनदा काम करतात. एमएक्स-५ च्या रुळांचे पाय माझदाच्या मजल्यासाठी घडवलेले आहेत: पुढचे आणि मागचे वेगवेगळ्या उंचीचे, वेगवेगळ्या कोनात. एमजीबीच्या सपाट मजल्यावर सीट नुसती ठेवली तर ती डुगडुगते आणि फार उंच बसते.

म्हणून कापाकापी करण्याआधी सीट लाकडी ठोकळ्यांवर ठेवा आणि गाडी चालवणारी व्यक्ती तिच्यावर बसवा. चार गोष्टी बघा. डोळे काचेच्या वरच्या चौकटीच्या बरेच खाली आहेत का? टप लावल्यावर डोक्यावर तळहात आडवा जाईल एवढी जागा आहे का? स्टीअरिंग आणि मांड्या यांच्यात मूठ जाते का? क्लच पूर्ण दाबताना गुडघा किंचित वाकलेला राहतो का? शिवाय सीट सगळ्यात मागे नेऊन टप दुमडून बघा. पाठीची उंच कड टपाच्या सांगाड्याला घासत असेल तर ते आत्ताच कळलेले बरे.

पुढची बाजू मागच्यापेक्षा १५ ते २५ मिलिमीटर उंच ठेवा. सीट सपाट बसवली तर मांड्यांना आधार मिळत नाही आणि जोरात ब्रेक मारल्यावर शरीर सीटबेल्टच्या पट्ट्याखालून पुढे घसरते. ठोकळे बदलत जा. सगळे जमले की चारही कोपऱ्यांची उंची कागदावर लिहून घ्या. उजवी आणि डावी बाजू वेगळी मोजा.

कंस तयार करणे

एका सीटसाठी लागणारे सामान:

- ४० × ६ मिलिमीटर मापाची पोलादी पट्टी, सुमारे ४५० मिलिमीटरचे दोन तुकडे
- रूळ पट्टीला जोडायला ८.८ या ताकदीच्या प्रतीचे एम८ (मेट्रिक आट्याचे) बोल्ट आणि नायलॉनची कडी असलेले नट, ४ जोड
- मूळ भोकांसाठी ५/१६ इंची यूएनएफ (बारीक इंची आट्याचे) बोल्ट, ४ नग
- हव्या त्या उंचीचे धातूचे ठोकळे, ४ नग
- रुंद, जाड वॉशर आणि गंजरोधक प्रायमर

आट्यांच्या बाबतीत बरेच जण इथेच फसतात. एमजीबीचे मूळ नट ५/१६ इंची यूएनएफ आहेत, म्हणजे व्यास ७.९४ मिलिमीटर आणि इंचाला २४ आटे. एम८ चा व्यास ८ मिलिमीटर आणि दोन आट्यांतले अंतर १.२५ मिलिमीटर, म्हणजे इंचाला जेमतेम २० आटे. दिसायला दोन्ही सारखेच. एम८ बोल्ट हाताने दोनेक आटे आत जातो, मग जड होतो. गंजामुळे जड झाला असे समजून पाना लावला की नटाचे आटे झिजून निकामी होतात. बोल्ट हाताने शेवटपर्यंत फिरला नाही तर तो चुकीचा आहे असेच समजा. आधी ५/१६ यूएनएफचा टॅप (आटे पाडायचे हत्यार) फिरवून आटे साफ करून घ्या.

रूळ सीटपासून सोडवा. माझदाचे पाय ग्राइंडरने रुळाच्या तळाशी कापा, पण रुळाच्या मूळ पत्र्याला पाते लागू देऊ नका. ठिणग्या फोमवर आणि कापडावर उडाल्या तर आग धुमसत राहते आणि उशिरा लक्षात येते, म्हणून सीट शेजारीही ठेवू नका. मग प्रत्येक रुळाखाली एक पट्टी बोल्टने जोडा. पट्टीत मजल्याच्या मूळ भोकांच्या मापाने छिद्रे पाडा.

रूळ पट्टीला वेल्ड करण्याचा मोह होतो. शक्यतो टाळा. रुळाच्या आत गोळ्या आणि त्यांना धरणारा प्लॅस्टिकचा साचा असतो. उष्णतेने तो वितळतो, ग्रीस जळते आणि पत्रा केसभर जरी वाकला तरी सीट अडकते. वेल्डिंग अटळच असेल तर रूळ उघडून, छोटे टाके देत, मध्ये गार होऊ देत करा.

मूळ चार भोके वापरता आली तर उत्तम. नवे भोक पाडावेच लागले तर आधी गाडीखाली जा. मजल्याखालून ब्रेकची नळी, पेट्रोलची नळी आणि बॅटरीची जाड तार जाते. ड्रिलच्या टोकाला लाकडाचा अडसर लावा, म्हणजे पत्रा भेदल्यावर ते खोल घुसणार नाही. नव्या भोकाखाली दाबपट्टी हवीच, कारण मजल्याचा पत्रा जेमतेम मिलिमीटरभर जाड असतो आणि नुसता वॉशर त्यातून आरपार निघतो. शर्यतीच्या गाड्यांसाठी एफआयए या जागतिक मोटार संघटनेचा नियम मापदंड म्हणून घ्या: किमान ८ मिलिमीटरचा बोल्ट, ३ मिलिमीटर जाड पोलादी पट्टी आणि प्रत्येक बोल्टामागे ४० चौरस सेंटिमीटर संपर्क. ६५ × ६५ मिलिमीटरचा चौकोन ही गरज भागवतो. त्याचे कोपरे गोल करा, टोकदार कोपरा पत्रा चिरतो. भोक पोकळ तुळईतून जात असेल तर आत पोलादी नळी बसवा, नाहीतर बोल्ट आवळताना तुळईच चेपते.

पट्ट्याचे बकल

या कामातली सर्वांत धोक्याची चूक इथे होते. एमएक्स-५ मध्ये पट्ट्याचे बकल सीटच्या सांगाड्यालाच जोडलेले असते. म्हणजे अपघातात बकलवरचे सगळे ओझे सीट, रूळ आणि त्यांचे बोल्ट यांच्यावर येते, आणि माझदाचा मजला त्या हिशेबानेच घडवलेला आहे. एमजीबीच्या सीटचे बोल्ट फक्त सीट धरण्यासाठी आहेत. पट्ट्यासाठी बॉडीत वेगळे, ७/१६ इंची यूएनएफ आट्याचे भक्कम नट आहेत. म्हणून माझदाचे बकल सीटवरून काढा आणि एमजीबीचा स्वतःचा पट्टा त्याच्या मूळ जागीच ठेवा.

नवी सीट जुनीपेक्षा रुंद असल्याने जुन्या बकलचा दांडा सीट आणि बोगदा यांत चेपला जातो. तो वाकवू नका. पट्टे बनवणाऱ्यांकडून योग्य लांबीचे, प्रमाणित बकल घ्या. पट्टा लावल्यावर बकल नितंबाच्या हाडाजवळ यायला हवे, पोटावर नको. रोडस्टरमध्ये (उघड्या टपाच्या एमजीबीत) खांद्याचा पट्टा मागच्या चाकाच्या कमानीवरून येतो, तेव्हा तो सीटच्या फुगीर कडेवर चढत नाही ना, हेही बघा.

१९७४ च्या अमेरिकी बाजारातल्या गाड्यांत पट्टा लावल्याशिवाय इंजिन सुरू होऊ न देणारी यंत्रणा होती. तशी गाडी असेल तर जुन्या सीटखालच्या तारा कुठे जातात ते आधी शोधा.

आवळणे आणि उंची

चारही बोल्ट हाताने लावा, पाना अजून नको. सीट पूर्ण पुढे न्या, पूर्ण मागे न्या, दोन-तीनदा. रूळ आपोआप एकमेकांना समांतर होतात. मग कोपऱ्याकोपऱ्याने, थोडे थोडे आवळत जा आणि दर फेरीला सीट सरकवून बघा. एखाद्या बोल्टावर ती जड झाली तर त्याच कोपऱ्याखाली पातळ वॉशर कमी-जास्त करा. शेवटी टॉर्क पान्याने ८.८ प्रतीचा एम८ आणि त्याच ताकदीचा ५/१६ इंची बोल्ट सुमारे २५ न्यूटन-मीटरपर्यंत आवळा.

तरीही डोके टपाला लागत असेल तर फोम कमी करता येतो. गादीचे कव्हर कड्या सोडवून काढा आणि खालच्या बाजूने, धारदार लांब सुरीने, फार तर २० ते २५ मिलिमीटर फोम उतरवा. वरून कापले तर गादीचा आकार बिघडतो. बैठकीच्या हाडांखाली लोखंडी सळी जाणवेल इतके कापू नका, शंभर किलोमीटरनंतर तीच सळी बोचते.

उघडा पडलेला प्रत्येक पत्रा प्रायमरने झाका आणि मजल्याखालच्या दाबपट्ट्यांच्या कडा सीलंटने भरा, नाहीतर पहिल्याच पावसात पाणी आत येईल. २०० किलोमीटर चालवल्यावर सगळे बोल्ट पुन्हा तपासा.

विमा कंपनीला बदल लेखी कळवा. ब्रिटनमध्ये ४० वर्षांहून जुन्या, फारसा बदल न केलेल्या गाड्यांना एमओटी या वाहनांच्या वार्षिक तपासणीतून सूट आहे. त्यामुळे सीटचे बोल्ट आणि पट्ट्याचे नट दरवर्षी हाताने तपासण्याचे काम गाडीच्या मालकाचेच.