एकच फील्ड, चार भाषा

कॉलेजच्या प्रोजेक्टमध्ये बहुतेक वेळा प्रोग्रामिंगची एकच भाषा असते. नोकरीला लागलं की चित्र बदलतं. पेमेंटची सर्व्हिस जावात, रिपोर्ट पायथनमध्ये, मधेच कुणीतरी गो भाषेत लिहून ठेवलेलं काहीतरी आणि ब्राउझरमध्ये अर्थातच जावास्क्रिप्ट. मी बरीच वर्षं अशाच कामात आहे. नव्या मुलांना प्रत्येक भाषा येत असते, पण एका भाषेतून दुसऱ्या भाषेत जाताना आकड्याचं काय होतं, हे कुणी शिकवलेलं नसतं.

आधी एक करून बघा. ब्राउझरचा कन्सोल उघडा आणि ९००७१९९२५४७४०९९३ हा आकडा टाका (इंग्रजी अंकांत, नाहीतर एरर येईल). उत्तरात शेवटचे तीन अंक ९९३ ऐवजी ९९२ दिसतील. जावास्क्रिप्टचा साधा नंबर हा ६४ बिटांचा फ्लोट (दशांशाचे आकडे ठरावीक अचूकतेपर्यंतच साठवणारा प्रकार) असतो आणि पूर्णांक त्यात बिनचूक राहतो तो २ च्या ५३व्या घातापर्यंतच. जावाच्या लाँगची (६४ बिटांच्या पूर्णांकाची) मर्यादा याच्या हजारपट पुढे आहे. म्हणजे ऑर्डरचा आयडी डेटाबेसमध्ये बरोबर, जेसनमध्ये (सर्व्हिस एकमेकींना माहिती पाठवतात त्या मजकुरात) बरोबर आणि स्क्रीनवर शेजाऱ्याचा! एरर नाही, वॉर्निंग नाही. ट्विटरने २०१० मध्ये याच कारणासाठी प्रत्येक आयडी आकड्यासोबत स्ट्रिंग (साधा मजकूर) म्हणूनही पाठवायला सुरुवात केली. प्रोटोबफ हा माहितीची देवाणघेवाण करायचा साचासुद्धा ६४ बिटांचे पूर्णांक जेसनमध्ये लिहिताना अवतरणचिन्हांत टाकतो.

यावरून मी एक सवय लावून घेतली आहे: ज्याची बेरीज-वजाबाकी कधी होणार नाही, ते स्ट्रिंगच ठेवायचं. बँकेचा खाते क्रमांक हा नावालाच क्रमांक. तो इंटिजरमध्ये घातला की सुरुवातीची शून्यं गळतात आणि पैसे परत येतात. पैशांचं मात्र उलट. तिथे हिशोब करायचाच असतो, म्हणून रक्कम रुपयांऐवजी पैशांत, पूर्णांकात. फ्लोटमध्ये रुपये ठेवणाऱ्याचा पीआर (कोडमधला बदल तपासायला पाठवलेली विनंती) मी पुढचं न वाचता परत पाठवतो.

तारखांचा घोळ आपल्याकडे जरा खास आहे. एका कंपनीत ग्राहकांच्या जन्मतारखांमध्ये ३१ मेचा ढीग दिसायला लागला. शाळेत नाव घालताना गुरुजींनी १ जून लावून दिलेली माणसं आपल्याकडे किती आहेत ते तुम्हाला माहीतच आहे. तो सगळा जथ्था एक दिवस मागे सरकला होता. जावाची बाजू जन्मतारखेला भारतीय वेळेची मध्यरात्र जोडायची आणि यूटीसीत (आपल्यापेक्षा साडेपाच तास मागे असलेल्या जागतिक वेळेत) पाठवायची, म्हणजे ३१ मे, संध्याकाळचे साडेसहा. पायथनची बाजू वेळ कापून नुसती तारीख घ्यायची. आपापल्या जागी दोन्ही कोड बरोबर होते. खरं तर जन्मतारखेला वेळ नसतेच, ती वर्ष-महिना-दिवस अशी साध्या स्ट्रिंगमध्ये पाठवली की विषय संपतो. वेळ पाठवायचीच असेल तर सेकंद की मिलिसेकंद ते फील्डच्या नावातच लिहा. दोघांची मोजणी १ जानेवारी १९७० पासूनच, पण पायथनचं टाइम फंक्शन सेकंद देतं, जावास्क्रिप्टचं मिलिसेकंद. स्क्रीनवर जानेवारी १९७० मधली विशीतली एखादी तारीख दिसली, तर सेकंदांना कुणीतरी मिलिसेकंद समजलंय हे लगेच ओळखता येतं.

मराठी नावांची लांबी हीसुद्धा बघण्यासारखी गोष्ट आहे. ‘श्रीकांत’ आपल्याला तीन अक्षरं दिसतात. पायथन आणि जावा काना, वेलांटी, हलंत, अनुस्वार वेगळे धरून आठ मोजतात. गो भाषेतलं लेन हे लांबीचं फंक्शन बाइट मोजतं (देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाला तीन), ते सांगतं चोवीस. ओरॅकल डेटाबेसच्या व्हारचार२ (मजकुराच्या) कॉलमची मर्यादाही मुद्दाम बदलली नाही तर बाइटमध्येच असते. म्हणजे वीसची मर्यादा जावातल्या तपासणीत आरामात पास आणि डेटाबेसच्या दारात नापास. टेस्ट डेटात सगळे इंग्रजी लिपीतले, एका अक्षराला एकच बाइट घेणारे जॉन आणि जेन असतील, तर हे प्रॉडक्शनला जाईपर्यंत कळत नाही.

मग उपाय काय? स्कीमा (कुठल्या फील्डमध्ये कुठल्या प्रकारची माहिती, याचा आराखडा) एका जागी लिहायचा आणि प्रत्येक भाषेचा कोड त्यातून जनरेट करायचा. प्रोटोबफ (गूगलने २००८ मध्ये खुला केला), थ्रिफ्ट, एव्रो, ओपनएपीआय, जे टीममध्ये असेल ते चालेल. कुठलं चांगलं यावरचे वाद ऐकून घ्यावेत, त्यात पडू नये. पण जनरेट केलं म्हणजे सुटलो असंही नाही. प्रोटोबफमध्ये बिनचिन्हाचा ३२ बिटांचा पूर्णांक आहे, जावात तसा टाइपच नाही. त्यामुळे मोठी किंमत जावात ऋण होऊन समोर येते. म्हणून टाइप निवडताना आपली आवडती भाषा बाजूला ठेवून त्या साखळीतली सगळ्यात तोकडी भाषा कोणती ते बघा. तिला जे झेपतं तेच स्कीमात लिहा. गो भाषेत साध्या इंटिजर फील्डला किंमत आलीच नाही तर ती शून्य होते. ‘सवलत शून्य’ आणि ‘सवलत कळवलेली नाही’ यांत फरक हवा असेल, तर फील्ड ऑप्शनल आहे हे स्कीमात आधीच लिहावं लागतं.

आमच्या टीममध्ये एक छोटी जेसन फाइल आहे. वरचा तो सोळा अंकी आयडी, शून्याने सुरू होणारं खातं, १ जून, श्रीकांत, शून्य सवलत आणि गायब सवलत, सगळं तिच्यात. प्रत्येक भाषेतली सर्व्हिस ती वाचते, परत लिहिते, आणि किंमत कुठेही बदलली तर बिल्ड तुटतं, म्हणजे तो कोड पुढे जात नाही. नव्या टीममध्ये गेलात की अशी फाइल आहे का ते विचारा. नसेल तर तुमचा पहिला पीआर तोच करा. अख्खा कोडबेस समजून घ्यावा लागत नाही, आणि कुठली सर्व्हिस कुणाशी बोलते ते आपोआप पाठ होतं.