थोमा प्रेषिताचं कीर्तन कसं बांधावं

येशूच्या बारा शिष्यांपैकी एक असलेल्या थोमाचा सण रोमन कॅथलिक पंचांगात ३ जुलैला येतो. १९६९ च्या फेरबदलाआधी तो २१ डिसेंबरला असे, आणि काही मंडळ्या अजून तोच दिवस धरतात. सातारा जिल्ह्यात जुलैची तारीख घेणार असाल तर साथीदार महिनाभर आधीच सांगून ठेवा. माउलींची पालखी बऱ्याच वर्षी याच सुमारास लोणंद-फलटणवरून जाते आणि गावातले चांगले वाजवणारे वारीत असतात.

ख्रिस्ती कीर्तन नगर भागात जुनं आहे. साताऱ्याला तर १९१७ साली नारायण वामन टिळकांनी ‘देवाचा दरबार’ हा ख्रिस्तभक्तांचा मेळा इथेच मांडला. त्यामुळे श्रोत्यांना पूर्वरंग (निरूपणाचा पहिला भाग) आणि उत्तररंग (आख्यानाचा दुसरा भाग) समजावून सांगावा लागत नाही, आणि ढिली बांधणी त्यांच्या लगेच लक्षातही येते.

एकूण वेळ दीड तास धरा. नमन आणि मूळपद (ज्यावर निरूपण होतं ते पद) दहा मिनिटांत संपवा. निरूपणाला तीस मिनिटं द्या, मध्यंतराला दहा, आख्यानाला पस्तीस. उरलेली पाच मिनिटं पुन्हा मूळपद आणि प्रार्थनेसाठी ठेवा. हा हिशेब बहुतेक वेळा निरूपणात कोलमडतो, म्हणून समोर घड्याळ असू द्या.

पूर्वरंग फक्त शास्त्रावर उभा करा. मूळ वचन योहानाच्या शुभवर्तमानातलं, २०:२४-२९, म्हणजे येशूच्या जखमा पाहिल्याशिवाय विश्वास ठेवणार नाही असं थोमा म्हणतो ते असलं तरी सुरुवात तिथून करू नका. ‘संशयी थोमा’ पहिल्याच वाक्यात आला की अर्धा तास संशयाभोवतीच फिरत राहतो. आधी योहान ११:१६ घ्या. यहूदीयात परतणं म्हणजे दगडमाराचा धोका, आणि तरीही ‘आपणही त्याच्याबरोबर मरायला जाऊ’ असं म्हणणारा थोमाच आहे. मग १४:५, जिथे तो मार्ग माहीत नसल्याचं सरळ बोलून टाकतो. या दोन पायऱ्या चढून विसाव्या अध्यायाशी आलात की त्याचा हट्ट धाडसी, सरळ माणसाचा वाटतो. ‘माझा प्रभू व माझा देव’ हे वचन गद्यात, पेटी थांबवून म्हणा. एक सांभाळा: थोमाने जखमेत बोट घातलं असं योहान लिहीत नाही. येशू त्याला बोट पुढे करायला सांगतो, एवढंच तिथे आहे. बोट घातल्याचं दृश्य चित्रांमुळे, विशेषतः काराव्हाज्जोच्या चित्रामुळे, डोक्यात बसलेलं असतं.

मध्यंतरात बुक्क्याच्या जागी एक भजन घ्या आणि दानार्पण तिथेच उरका. आख्यानानंतर ठेवलं तर रंग उतरतो.

आख्यानासाठी तिसऱ्या शतकातली सिरियाक भाषेतली ‘थोमाची कृत्ये’ घ्या. ती शास्त्रात मोडत नाहीत, हे उत्तररंगाच्या पहिल्याच वाक्यात सांगून टाका. नंतर सांगितलं तर ऐकणाऱ्याला फसल्यासारखं वाटतं. कथा मात्र कीर्तनासाठीच रचल्यासारखी आहे. चिठ्ठ्या टाकल्यावर हिंदुस्थान थोमाच्या वाट्याला येतो, तो नाही म्हणतो, आणि प्रभू त्याला हब्बान व्यापाऱ्याला गुलाम म्हणून विकून टाकतो. गुंडफर राजा त्याला महाल बांधायला सांगतो. आराखडा आखताना थोमा दारं पूर्वेला, खिडक्या पश्चिमेला, भटारखाना दक्षिणेला आणि पाण्याची सोय उत्तरेला ठेवतो. हा तपशील गाळू नका. श्रोत्यांत गवंडी असतातच, आणि थोमा बांधकाम करणाऱ्यांचा आश्रयदाता संत मानला जातो. त्याच्या चित्रांत भाल्याबरोबर गुण्या (गवंड्याचं काटकोन तपासायचं साधन) असतो तो त्यामुळेच. पैसे सगळे गरिबांत वाटले जातात, राजा जाब विचारतो. इथे साकी (कीर्तनात गायचा दोन ओळींचा पद्यप्रकार) टाका:

महाल कोठे दिसतो थोमा, राजा पुसतो रागे
दिसेल राजन् मरणानंतर, थोमा हसुनी सांगे

प्रत्येक ओळीत १६ अधिक १२ अशा २८ मात्रा आहेत. शेवटचं अक्षर चार मात्रा लांबवलं की ३२ होतात, म्हणजे आठ मात्रांच्या केरवा तालाची नेमकी चार आवर्तनं. ‘हसुनी’चं ‘हसून’ केलंत तरी मात्रा चारच राहतात, पण सूर लांबवायला शेवटी स्वर उरत नाही. पुढे राजाचा भाऊ गाद मरतो, स्वर्गात तोच महाल पाहतो आणि परत येऊन भावाकडे तो विकत मागतो. हा भाग हसवत सांगा. आख्यान इथे संपवलं तरी चालतं.

हौतात्म्यापर्यंत जायचं असेल तर दोन परंपरांची खिचडी टाळा. गुंडफर इतिहासात होता, त्याची नाणी सापडली आहेत. पण त्याचं राज्य तक्षशिलेकडचं. केरळची परंपरा वेगळी आहे: इ.स. ५२ मध्ये कोडुंगल्लूरजवळ उतरणं आणि ७२ मध्ये चेन्नईच्या मैलापूरला भाल्याने मृत्यू. ‘आता दक्षिणेकडचे ख्रिस्ती काय सांगतात ते ऐका’ एवढा सांधा पुरतो. मारेकरी कोण, यावर लोककथांत मतभेद आहेत आणि काहींत ठपका ब्राह्मणांवर येतो. ‘थोमाच्या कृत्यां’त दुसऱ्या एका राजाच्या हुकुमाने चार सैनिक भाले मारतात, तेच सांगा. शेजारचे वारकरी ऐकायला बसलेले असतात, त्यांना टोचून काही साधत नाही.

साथीला पेटी, तबला आणि झांज पुरे. पट्टी कीर्तनकाराच्या गळ्याप्रमाणे ठरवा. पुरुषाला बहुधा काळी एक सोयीची पडते. दमट हवेत तबल्याची पुडी सैल पडते आणि सूर उतरतो, म्हणून तबला आदल्या रात्री देवळाच्या फरशीवर ठेवू नका, कापडात गुंडाळून कोरड्या खोलीत ठेवा आणि मध्यंतरात पुन्हा लावून घ्या. देवळावर पत्रा असेल तर जोराच्या सरीत माइक असूनही शब्द कळत नाहीत. अशा वेळी निरूपण रेटू नका, सर ओसरेपर्यंत नामगजर चालू ठेवा आणि तेवढा वेळ आख्यानातून कापा.