जुना स्पार्टन, खर्जाची तार आणि माझी घाई

कुपवाड एमआयडीसीतून सुटलो की रात्री मी एफपीजीए (आतलं सर्किट आपण कोड लिहून ठरवतो अशी चिप) घेऊन बसायचो. बोर्ड जुना, स्पार्टन-६ एलएक्स९चा. मिरजेच्या सतारमेकर गल्लीत तंबोरा लावताना कारागिरांना कानाने जे कळतं, ते पडद्यावर दिसावं एवढीच हौस. आवाजातले सूर वेगवेगळे करून दाखवणारं गणित, म्हणजे एफएफटी, चिपमध्ये काही बसेना. चिप कमी पडतेय, असं मीच ठरवून टाकलं. एलएक्स९मध्ये डीएसपी स्लाइस (गुणाकार करणारे तयार भाग) १६, त्यापुढच्या पिढीच्या आर्टिक्स-७च्या ३५टी चिपमध्ये ९०. हे आकडे बघितल्यावर खिशाकडे हात जाणारच.

चहाच्या टपरीवर आमच्या सीनियर सरांनी विचारलं, "गुणाकार किती लागतात ते मोजलंस का?"

नव्हतं मोजलं.

आवाजाचे सॅम्पल ४८ किलोहर्ट्झने येतात आणि क्लॉक, म्हणजे चिपचा ठोका, ५० मेगाहर्ट्झचा. म्हणजे दोन सॅम्पलच्या मध्ये हजारावर क्लॉक मिळतात. एकच मल्टिप्लायर पुन्हापुन्हा वापरला तरी हजार टॅपचा (टॅपमागे एक गुणाकार) फिल्टर होतो. बाकीचे पंधरा नुसते बसून होते!

घोडं अडलं होतं मेमरीपाशी. खर्जाची तार किंचित उतरली तरी कळावी म्हणून मी ६५,५३६ बिंदूंची एफएफटी मांडली होती. बिंदूला ३२ बिट धरले तर २०४८ किलोबिट लागतात. एलएक्स९ची ब्लॉक रॅम, म्हणजे चिपच्या आतलीच मेमरी, ५७६ किलोबिट. गंमत म्हणजे ३५टीचीही १८००च. पैसे घालून तिथेच अडकलो असतो (बाहेरची रॅम जोडली तर गोष्ट वेगळी).

मग आधी फिल्टर लावला आणि सोळांतला एकच सॅम्पल ठेवला. ३ किलोहर्ट्झवर ४०९६ बिंदू घेतले की बारीकपणा तोच राहतो, पाऊण हर्ट्झच्या आसपास, आणि मेमरी १२८ किलोबिटांत भागते. दीड किलोहर्ट्झच्या वरचं सगळं मात्र जातं. जवारीचा (तार टेकते त्या घोडीच्या घासणीचा) झणत्कार त्यात बराच असतो, म्हणून त्याच्यासाठी पूर्ण वेगाची छोटी एफएफटी वेगळी चालवली.

एवढं होऊनही सहा महिन्यांनी आर्टिक्स घेतलाच, पण कारण निराळं. स्पार्टन-६ व्हिवाडोत, म्हणजे या चिपांसाठीच्या नव्या सॉफ्टवेअरमध्ये, चालत नाही. त्याला आयएसई हे जुनं सॉफ्टवेअर लागतं आणि त्याची शेवटची आवृत्ती, १४.७, आली २०१३ साली. विंडोज १०वर ती व्हर्च्युअल मशीनमध्ये चालवावी लागते. पुण्यात मुलाखतीला व्हिवाडोच्या एक्सडीसी फाइलमधले टायमिंग कन्स्ट्रेंट (सिग्नल किती वेळात पोचायला हवा त्याच्या अटी) विचारले. मला माहीत फक्त आयएसईची यूसीएफ फाइल. परतीच्या गाडीत बोर्डाची किंमत बघत बसलो. नोकरीसाठी शिकत असाल तर माझ्या मते तेवढं कारण पुरे आहे.

कोड आर्टिक्सवर हलवताना साधं व्हीएचडीएल (सर्किट लिहायची भाषा) एका संध्याकाळीत गेलं. क्लॉक आणि मेमरीचे कोअर (सॉफ्टवेअरकडून बनवून घेतलेले तयार भाग) पुन्हा तयार करण्यात दोन रविवार खर्ची पडले. स्वतःचा पीसीबी करायचा असेल तर आणखी एक बघा : एलएक्स९ १४४ पायांच्या टीक्यूएफपीत (पाय कडेने बाहेर आलेल्या चपट्या पॅकेजात) मिळतो, तो हाताने सोल्डर होतो. आर्टिक्स-७ बीजीएतच (जोड पोटाखालच्या गोळ्यांनी होतात अशा पॅकेजात) येतो, तिथे घरच्या सोल्डरिंग गनचं काम नाही.

जुना बोर्ड विकला नाही. तो मिरजेत एका कारागिरांच्या बाकावर असतो. ते स्वतः पडद्याकडे ढुंकूनही बघत नाहीत. गिऱ्हाइकाला दाखवायला बरा पडतो म्हणतात.