सोलरच्या कोटेशनआधी गच्चीवर खडू घेऊन जा

गच्चीवर सोलर बसवायचं ठरलं की बहुतेक जण आधी कोटेशन मागवतात. त्याआधी एक काम करा. सकाळी ९, दुपारी १२ आणि ३ वाजता पाण्याच्या टाकीची, जिन्याच्या खोलीची, शेजारच्या इमारतीची सावली जिथवर येते तिथे खडूने रेघ मारा. हे डिसेंबरात केलंत तर उत्तम. मे महिन्यात पुण्या-मुंबईत भर दुपारी सूर्य डोक्यावर असतो, सावली टाकीच्या पायाशीच राहते आणि सगळी गच्ची मोकळी वाटते. डिसेंबरात सूर्य दक्षिणेकडे कलतो, तीच सावली उत्तरेला लांबवर पसरते. पॅनल साखळीने जोडलेले असतात, त्यामुळे एकावर सावली आली तरी बाकीच्यांची वीजही घटू शकते. म्हणून सावलीतल्या पाच पॅनलपेक्षा उन्हातले तीन घ्या, असं मी प्रत्येकाला सांगते.

एका किलोवॉटला साधारण १०० चौरस फूट जागा लागते आणि दिवसाला सरासरी ४ युनिट मिळतात. पीएम सूर्यघर योजनेत घरगुती ग्राहकाला कमाल ७८,००० रुपये अनुदान आहे. सोसायटीच्या लिफ्ट-पंपासाठी ते वेगळं, किलोवॉटमागे १८,००० रुपये. रेघांचे फोटो काढून ठेवा आणि पॅनलचा नकाशा त्यावरूनच आखून घ्या.